ससा आला की दोन पत्ते हलवा : सूनबाई, तुझे जाहीर आभार

चि. सौ. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

तुला सूनबाई म्हणतो खरा, पण तू माझ्या घरची नव्हेस, वरच्या मजल्यावरची. तोंडावर आभार मानायला गेलं की ‘काहीतरीच काय हो आबा’ म्हणत तू जिना चढायला लागतेस. म्हणून चारचौघांत लिहितोय. तुला पळायला जागा राहणार नाही, आणि तू आम्हाला शिकवलेला हा पत्त्यांचा खेळ ज्यांच्या घरी खोक्यातच पडून आहे त्यांच्याही पदरात काही पडेल.

खोकं आणलं पोरांच्या मामाने. खेळाचं नाव ‘इकोसिस्टम’. मॅट सिम्पसन या गृहस्थांनी रचलेला आणि जीनियस गेम्स या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये काढलेला. आत झऱ्यांचे, कुरणांचे, जनावरांचे पत्ते आणि बारीक अक्षरांतला इंग्रजी कागद. पोरांनी कागद अर्ध्यावर टाकला. मी मेंढीकोट आणि रमीवर वाढलेला माणूस. हुकूम नाही, राजा नाही, राणी नाही, मग उतारी तरी कशाची करायची? मामा पुण्याला परत गेला आणि खोकं फडताळात गेलं. मे महिन्यात तू शेंगाचटणीची वाटी परत द्यायला आलीस, तुला ते दिसलं आणि तू बैठक मारलीस.

पहिली गोष्ट तू चांगली केलीस ती ही, की कागद वाचून दाखवला नाहीस. चादर अंथरलीस, पंखा बंद करायला लावलास (सोलापूरच्या मे महिन्यात! पण पत्ते उडत होते, इलाज नव्हता) आणि म्हणालीस, “प्रत्येकाने स्वतःपुढे एक रान मांडायचं. आडव्या चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच पत्ते. वीस पत्ते झाले की डाव संपला.” प्रत्येकाला दहा पत्ते वाटलेस. त्यातला एक निवडून पालथा ठेवायचा, सगळ्यांचं झालं की एकदम उलटायचा आणि आधीच्या पत्त्याला चिकटून आपल्या रानात लावायचा. उरलेले नऊ डावीकडच्याच्या हातात. मग त्या हातातून एक, उरलेले आठ पुढे. दहा संपले की पुन्हा दहा वाटायचे, या वेळी उजवीकडे फिरवायचे. पहिला डाव तू सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळायला लावलास. त्या एका डावात पोरांना जे कळलं ते त्या कागदाने आठवडाभर कळलं नसतं.

दुसरं म्हणजे तुझा तो प्रश्न. पोरं पत्ता उचलून विचारायची, “काकू, याला किती?” आणि तू उलट विचारायचीस, “शेजारी कोण आहे?” माझ्या डोक्यात उजेड पडला तो तिथे. रमीत एक्का कुठेही ठेवा, एक्काच असतो. इथे पत्त्याला स्वतःची अशी किंमत जवळपास नाहीच. मधमाशीला शेजारच्या प्रत्येक कुरणामागे ३ गुण. कुरण नसेल तर मधमाशी नुसतीच गुणगुणत बसणार. अस्वलाला शेजारच्या प्रत्येक मधमाशीचे आणि प्रत्येक ट्राउट माशाचे २. त्या माशाला शेजारच्या प्रत्येक झऱ्याचे आणि चतुराचे (म्हणजे ड्रॅगनफ्लायचे) २. चतुर ज्या झऱ्याला लागून बसला त्या झऱ्याची लांबी जितक्या पत्त्यांची, तितके त्याचे गुण. म्हणजे एक झऱ्याचा पत्ता पुढे सरकवला की लांब बसलेल्या चतुराचेही गुण वाढतात. शेजार मात्र वर-खाली आणि डावी-उजवीकडचाच. कोपऱ्याला कोपरा लागला तर तो शेजार नव्हे, यावरून आमच्याकडे पहिल्याच दिवशी दोनदा आवाज चढला.

हे सगळं तोंडी सांगून पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तू स्वयंपाकघरातून शेंगदाण्यांचा डबा मागवलास. अस्वलाच्या पत्त्यावर बोट ठेवायचं, चारी बाजूंना बघायचं, मधमाशी दिसली की दोन दाणे, मासा दिसला की दोन दाणे. धाकट्याने मोजता मोजता तीन अस्वलांचे गुण खाऊन टाकले आणि वर “माझे कमी का भरले” म्हणून भांडला. दुसऱ्या दिवसापासून तू चिंचोके आणलेस. हिशेब अजून त्यांच्यावरच चालतो.

खोकडाची, म्हणजे लहानशा कोल्ह्याची, गंमत मला सगळ्यात आवडते. त्याला कोणाचा शेजार लागत नाही, उलट नको असतो. लांडगा आणि अस्वल दोन्ही शेजारी नसले तर ३ गुण, एक जरी असला तर शून्य. तिसऱ्या गल्लीतला पोरांचा मित्र येतो, घरी तेलुगू आणि आमच्याकडे मराठी बोलणारा, तो खोकड हातात आला की ओरडतो, “याला कोपऱ्यात टाक बे!” आणि खरंच, कोपऱ्यात दोनच शेजारी, धोका निम्मा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

गरुड दोन घरांपर्यंत बघतो, तेवढ्यात जितके ससे आणि मासे दिसतील त्यांचे प्रत्येकी २. हरणं ज्या आडव्या ओळीत आणि ज्या उभ्या रांगेत असतील त्या प्रत्येकीचे २, म्हणून हरणं पांगवून ठेवायची. कुरणं मात्र एकमेकांना लागून, जितकी सलग तितकी किंमत चढत जाते. आणि ससा. गुण एकच, पण तो मांडताना आपल्या रानातले कुठलेही दोन पत्ते अदलाबदल करता येतात. घरातल्या सगळ्यांनी सशाला किरकोळ समजून सोडून दिलं होतं. तू शेवटून दुसऱ्या पत्त्याला ससा टाकलास, लांडग्याशेजारचं खोकड उचलून बाजूला नेलंस, त्याच्या जागी कुरण आणलंस आणि एका झटक्यात मधमाशीचेही ३ वाढवलेस. त्या दिवसापासून ससा हाती आला की कोणी सोडत नाही.

रमीवाल्याला या खेळात काय आहे तेही तूच दाखवलंस. चौघं बसलो की माझा पहिला हात चौघांकडून फिरून सहा पत्ते उरवून माझ्याकडेच परत येतो. म्हणजे मी काय सोडलं होतं ते लक्षात ठेवलं, तर कोणी काय उचललं ते कळतं. “आबा, दुसऱ्याचं रानही बघत चला,” असं म्हणालीस. लांडगे आणि झरे यांचा हिशेब शेजाऱ्यावर नाही, इतर खेळाडूंशी तुलनेवर होतो. ज्याचे लांडगे सगळ्यांत जास्त त्याला १२, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ४. सगळ्यांत लांब झऱ्याला ८, त्याखालच्याला ५. तेव्हा कधी कधी नको असलेला लांडगाही ठेवून घ्यावा, पुढच्याच्या हातात जाऊ नये म्हणून. हा डाव मला विनासायास जमतो, सवय जुनी आहे.

पण शेवटचा नियम तू मुद्दाम पहिला डाव संपेपर्यंत सांगितला नाहीस. पत्त्यांचे प्रकार अकरा. त्यातल्या किती प्रकारांत तुम्हाला एकही गुण मिळाला नाही ते मोजायचं. दोन किंवा कमी असतील तर वर १२ गुण. तीनला ७, चारला ३, पाचला काही नाही, आणि सहा किंवा जास्त असतील तर उलट ५ कापायचे. धाकट्याने लांडग्यांवर लांडगे जमवले होते, १२ खिशात घालून बसला होता. मोजलं तर सहा प्रकार कोरडे. ५ गेले आणि शेवटचा नंबर आला. रडला नाही, पण चादरीचा कोपरा चघळत बराच वेळ बसला होता. पुढच्या डावात त्याने एकही प्रकार वाया जाऊ दिला नाही. आधी सांगितलं असतंस तर घोकून विसरला असता.

एक गोष्ट मला अजून पटलेली नाही, ती लिहून ठेवतो. अस्वल मधमाशीशेजारी बसून गुण कमावतं, मधमाशीचे मात्र कमी होत नाहीत. पोळं फोडल्यावर माशा खूश राहतात होय? तू म्हणालीस, “अस्वल टिकायला पोळं जवळ हवं एवढंच पत्ता सांगतो, आबा. बाकी खेळ आहे.” असेल.

आता पुढचं काम. तुझं माहेर सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूचं, त्यामुळे खेळता खेळता तू पोरांना तिकडच्या माळाचं सांगत गेलीस. माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते, गवतातली काळविटं, धनगरांच्या मेंढरांवर डोळा ठेवणारा लांडगा, बिळाबाहेर ऊन खात बसणारं खोकड. ट्राउट आणि अस्वल आमच्या पोरांनी चित्रातच पाहिलेत. त्यामुळे त्यांनी आता लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून आपला माळ करायला घेतलाय. कुरण तेच, लांडगा तोच, हरणाच्या जागी काळवीट, झऱ्याच्या जागी ओढा. अडलंय ते माळढोकापाशी. थोरलीचं म्हणणं, तो जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच, तेव्हा चारी बाजूंनी कुरण असेल तरच त्याला गुण, आणि शेजारी लांडगा किंवा कुत्रा आला की शून्य. धाकटा म्हणतो, गड्डीत माळढोक एकच ठेवायचा आणि ज्याच्या हाती लागेल त्याला थेट १२. मी म्हणतो, एकच पत्ता असला तर ती लॉटरी झाली, खेळ राहिला नाही.

रविवारी दुपारी खाली ये आणि काय ते ठरवून टाक. चिंचोके धुवून वाळवून ठेवलेत.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा आबा
सोलापूर