न घासलेल्या कडा

बोगोटा, कोलंबिया
रविवार

प्रिय मित्रा,

काल इथलं सुवर्ण संग्रहालय पाहिलं आणि तुझ्या बाबांची पेढी डोळ्यांपुढे आली. ती मूस, ती फुंकणी, आणि आपण शाळेतून आलो की "दारातच थांबा रे" म्हणणारे बाबा. तेव्हाच ठरवलं, तुला सविस्तर लिहायचं.

इथे मुइस्का या इथल्या मूळ लोकांचा सोन्याचा तराफा आहे. लांबी १९.५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरच. मधोमध उंच मुखिया, भोवती त्याची चिमुकली माणसं. नवा मुखिया अंगाला सोन्याची पूड फासून अशाच तराफ्यावरून ग्वाताविता सरोवराच्या मध्यावर जायचा आणि सोनं, पाचू पाण्यात सोडायचा. हे स्पॅनिशांच्या कानी गेलं आणि 'एल दोरादो'ची, म्हणजे सोन्याने मढलेल्या राजाच्या संपत्तीची, हाव सुटली. सोळाव्या शतकात त्यांनी सरोवराच्या काठाला खाच पाडून पाणी सोडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने तळ उघडा केला, तर गाळ उन्हाने सिमेंटसारखा घट्ट झाला. हा तराफा मात्र १९६९ साली पास्का गावाजवळच्या गुहेत, मातीच्या भांड्यात शेतकऱ्यांना सापडला.

पण तुला सांगायचंय ते घडणीचं. आधी सगळं मेणात. नाक, डोळे, हातातल्या काठ्या, सगळे मेणाचे बारीक दोरे वळून लावलेले. त्यावर कोळशाची पूड घातलेली माती. भाजलं की मेण वाहून जायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडल्याशिवाय वस्तू हाती येत नाही, त्यामुळे ओतणं फसलं तर पुन्हा मेणापासून सुरुवात. अख्खा तराफा असा एका ओतात उतरलाय! मी काचेला नाक लावून उभा होतो.

ते सोन्यात तांबं घालत. या मिश्रणाला तुंबागा म्हणतात. आपण त्याला हीण म्हणू, पण त्याने धातू कमी आचेवर वितळतो. कोलंबियातले इतर कारागीर अशी वस्तू तापवायचे, वर आलेली तांब्याची काजळी वनस्पतीच्या आंबट रसाने काढायचे, की पृष्ठभागावर निव्वळ सोनं चमकायचं. मुइस्कांनी अर्पणाच्या मूर्तींना बहुतेक वेळा तेवढंही केलं नाही. ओतकामाचे ओघळ कडांना तसेच! आधी मला हे घाईचं काम वाटलं. आता वाटतं, जे कुणाच्या गळ्यात पडायचंच नाही ते घासायचं कुणासाठी?

आणि सोनं त्यांच्या मुलखात फारसं नव्हतंच. मीठ आणि सुती कापड देऊन ते बाहेरून आणायचे. तुमच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी धुऊन नेतो, बाबा कणाकणाचा हिशोब ठेवतात. इथे एवढ्या कष्टाने आणलेलं सोनं पाण्यात सोडलं जायचं.

सोबत फोटो पाठवतोय. बाबांना भिंग लावून बघायला सांग, विशेषतः त्या काठ्यांचे जोड. पाहून ते काय म्हणतात, शब्द न शब्द कळव.

तुझा,
जुना बाकमित्र