नाथसागराच्या काठावर रिसॉर्ट कशासाठी?

मा. संपादक,

नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याकाठी, आमच्या शिवाराला लागून, एका खासगी कंपनीचे रिसॉर्ट येऊ घातले आहे. त्याला आम्हा ग्रामस्थांचा विरोध का आहे, हे आपल्या दैनिकातून मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. १ मेच्या ग्रामसभेत कंपनीच्या माणसाने एक चित्रफीत दाखवली. तीत पाण्यालगतची लाकडी घरे, रात्रीची रोषणाई आणि मोटारबोटी असे सगळे होते, पक्षी मात्र एकही नव्हता. ग्रामसभेने ठराव करून नकार दिला, तरीही पंधरवड्याच्या आत मोजणीचे खुंट रोवले गेले.

हे खुंट जिथे आहेत ती जमीन आमच्याच वाडवडिलांची. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्‌घाटन केले. त्या अवधीत काठची गावे उठली, आणि मराठवाड्याला पाणी मिळणार म्हणून लोकांनी काळ्या कसदार जमिनी सोडल्या. पाणी उतरले की त्याच जमिनीवर आम्ही आज गाळपेर करतो, तीही दरवर्षी परवानगी मागून. धरणग्रस्ताला पुढच्या हंगामाचीही हमी नसताना कंपनीला वर्षानुवर्षांचा करार कोणत्या न्यायाने मिळणार आहे?

जायकवाडीचा जलाशय पसरट आणि कडेला उथळ आहे, आणि गुडघाभर पाण्याचा हा चिखलाचा पट्टाच पक्ष्यांचे खरे चराईचे रान आहे. हिवाळ्यात पहाटे हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबांचे थवे गाळपेरीच्या हरभऱ्यात उतरतात, शेंडे खुडतात, आणि खरे सांगायचे तर आम्ही चरफडत डबा वाजवून त्यांना उठवतोही. पण ते चार वाफे पलीकडे जाऊन पुन्हा बसतात. रोहित पक्षी तर चोच उलटी करून त्या चिखलातले पाणी गाळत उभे असतात. मोटारबोटीची लाट आणि रात्रभराचा प्रकाश याच पट्ट्यावर येणार आहे. भोई बांधवांची जाळीही तिथेच लागतात.

हे क्षेत्र १९८६ पासून अभयारण्य आहे, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे, आणि त्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१७ मध्ये अधिसूचित झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याच्या आत हॉटेल किंवा व्यावसायिक पर्यटक निवास बांधायचे, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी लागते. आमच्या शिवारातला खुंट हद्दीच्या आत आहे की बाहेर, याचे उत्तर मोजणीदारांनी आम्हाला दिले नाही. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे याच जलाशयाचे पाणी पितात, तेव्हा रिसॉर्टचे सांडपाणी कुठे जाणार, हा प्रश्न त्या शहरांनीही विचारावा.

आम्हाला विकासविरोधी म्हटले जाईल, याची कल्पना आहे. जलाशयावरील तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या पंच समितीने हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, ती २०२५ मध्ये फेटाळली गेली. पण तिथे निदान विजेची गरज हे कारण होते; इथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या करमणुकीपलीकडे कोणती सार्वजनिक गरज आहे? पर्यटनच वाढवायचे, तर धरणाच्या पायथ्याशी कित्येक वर्षे दुरवस्थेत पडून राहिलेले पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान आहेच. तिथे आलेला माणूस नाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन, पैठणी पाहून, गावातच जेवून जातो.

जिल्हा प्रशासन आणि वन विभागाने एकत्र मोजणी करून अभयारण्याच्या हद्दीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि तोवर कोणतेही ना-हरकत प्रमाणपत्र देऊ नये, एवढी आमची मागणी आहे. आमच्या बाजूचा हद्दीचा एक दगड वेड्या बाभळीत झाकला गेला आहे. मोजणीला येणाऱ्यांनी कळवल्यास बाभळी तोडून वाट आम्हीच करून देऊ.

आपला,
फुगवट्याकाठचा एक धरणग्रस्त शेतकरी, ता. पैठण