गोळी घेतली की नाही, हे डबीला कळायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांच्या वेळेची आठवण करून देणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक डब्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे, पण अशा डबीचे काम लेखात गजर वाजवण्यापुरतेच धरले होते. माझे आयुष्य इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीत गेले आणि गेली सहा वर्षे आईच्या गोळ्या मी सांभाळतो. या दोन्ही कामांत जे दिसले, ते लिहितो.

आईला रोज सकाळी रक्तदाबाची एक गोळी असते. तिच्या मोबाइलवर मी आठचा गजर लावून दिला होता. एके दिवशी गजर वाजला, तिने गोळी घेतली आणि गजर बंद करायला म्हणून बटण दाबले. ते निघाले ‘थोड्या वेळाने पुन्हा’चे. दहा मिनिटांनी पुन्हा गजर, पुन्हा गोळी. दुपारी तिला चक्कर आली आणि आमची डॉक्टरांकडे धावपळ झाली. मी विचारले, तर म्हणाली, “अरे, वाजलं म्हणून घेतली.” तिचे काहीच चुकले नव्हते. गजराला वेळ कळत होती. गोळी पोटात गेली की नाही, हे त्याला कळत नव्हते. विसरलेली गोळी वाईटच, पण दोनदा घेतलेली गोळी काही औषधांच्या बाबतीत त्याहून वाईट. नुसता गजर दुसऱ्या धोक्याला आवर घालत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सशिवायही हे साधते. अमेरिकेत डेव्हिड वॅग्नर यांच्या पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेत असत आणि आजची घेतली का, यावरून घरात रोज प्रश्न पडे. वॅग्नर यांनी वारांप्रमाणे गोळ्या मांडलेली एक गोल डबी बनवली आणि १९६२ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या डबीत आठवण करून देणारे काहीच नव्हते. ज्या वाराची जागा रिकामी, त्या वाराची गोळी घेतलेली. रिकामी जागा हीच नोंद. आजच्या कित्येक महागड्या डब्यांपेक्षा ती कल्पना मला सरस वाटते.

मग मी स्वतः एक डबी बनवली. प्रत्येक खणाच्या झाकणाखाली एक बारीक स्विच आहे. वेळ झाली की त्या खणाचा दिवा लागतो आणि झाकण उघडेपर्यंत विझत नाही. एकदा उघडले की पुढच्या वेळेपर्यंत डबी गप्प. याला फार मोठे तंत्र लागत नाही. लहानसा मायक्रोकंट्रोलर (म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक), घड्याळाची चिप आणि बटणाएवढा सेल पुरतो. पण अडचणी निघाल्या त्या वेगळ्याच ठिकाणी. साध्या क्रिस्टलवर, म्हणजे ठरावीक ठोके देणाऱ्या स्फटिकावर, चालणारे घड्याळ दिवसाला दीड-दोन सेकंद चुकते, म्हणजे वर्षात दहा मिनिटांच्या आसपास. तापमानाप्रमाणे स्वतःला सावरणारी डीएस३२३१ सारखी चिप वापरली की हीच चूक वर्षाला मिनिटभरावर येते. दहा मिनिटांनी बहुतेक औषधांचे काही बिघडत नाही, हे खरे. पण डबीचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेना, की म्हातारी माणसे डबीवर विश्वास ठेवत नाहीत. हे मी घरात पाहिले.

आवाजाचे तर कोणी बोलतच नाही. स्वस्त डब्यांमधला चपटा बझर तीन हजार हर्ट्झच्या आसपास किणकिणतो आणि वयानुसार ऐकू येईनासा होतो तो नेमका वरच्या पट्टीचा आवाज. धुराची सूचना देणाऱ्या भोंग्यांवर झालेल्या अभ्यासांत ५२० हर्ट्झ या खालच्या पट्टीतल्या आवाजाने वृद्ध आणि कमी ऐकू येणारी माणसे अधिक खात्रीने जागी होतात, असे आढळले आहे. बझर काढून मी छोटा स्पीकर बसवला, तेव्हा आईला डबी शेजारच्या खोलीतून ऐकू येऊ लागली. तोवर ‘तुझं लक्षच नसतं’ असे मी तिला कितीदा म्हणालो असेन. त्याचे मला अजून वाईट वाटते.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतो. बटणासारखा सेल गोळी समजून गिळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत तिथे खोल जखम करू शकतो. गोळ्यांच्याच डबीत नखाने उघडणारा सेलचा खण ठेवणे अक्षम्य आहे. तो स्क्रूने बंद हवा आणि सेल बदलायचे काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवे.

एवढे केले म्हणजे औषधे वेळेवर घेतली जातात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सुमारे निम्मेच रुग्ण ठरल्याप्रमाणे औषधे घेतात. स्वस्त साधनांची मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नास हजारांवर माणसे तिच्यात होती. काहींना साधी खणांची डबी, काहींना बाटलीवर चिकटवायची खुणांची पट्टी, तर काहींना शेवटच्या गोळीला किती वेळ झाला हे दाखवणारे झाकण टपालाने पाठवले होते. तिन्ही साधनांनी लक्षणीय फरक पडला नाही. माझ्या डबीसारखे काम करणारे ते झाकणही त्यात होते, म्हणून हा निकाल मला बोचला.

त्याच्या शेजारी केनियातला अनुभव ठेवून पाहा. तिथे एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा मोबाइलवर एक छोटा संदेश जाई : ‘माम्बो?’, म्हणजे ‘कसं काय?’ ठीक असेल तर तसे, अडचण असेल तर तसे कळवायचे. उत्तर आले नाही किंवा अडचण आली, तर परिचारिका फोन करी. हे रुग्ण औषधे अधिक नियमित घेत होते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. केनियातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्याच्या संदेशाचा उपयोग झाला, रोजच्या संदेशाचा झाला नाही. रोज येणारा आवाज माणूस ऐकेनासा होतो. विचारपूस मात्र ऐकतो. म्हणून डबीतली नोंद घरातल्या किंवा दवाखान्यातल्या कुणाच्या तरी नजरेस पडली पाहिजे. ती पाहून त्याने फोन केला पाहिजे. अर्थात झाकण उघडले म्हणजे गोळी गिळली असे नाही, हे त्या माणसानेही लक्षात ठेवावे. आणि कोणाला काय दिसावे, हे रुग्णालाच ठरवू द्यावे.

आता औषधे वापरण्याच्या मुदतीविषयी. लेखात तिला दोनच ओळी होत्या. आठवण करून देणारी डबीच मुदतीची माहिती हरवायला कारण होते, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? पट्टी कापून गोळ्या खणांत टाकल्या की तारीख मागे राहते. पट्टीवर ती बहुधा एकाच टोकाला छापलेली असते, कधी रंगाशिवाय नुसतीच उठवलेली, आणि आपण नेमके तेच टोक आधी कापतो. शिवाय सगळ्याच गोळ्या बाहेर काढण्यासारख्या नसतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या काचेच्या बाटलीतच ठेवायची असते. प्लास्टिकच्या खणात तिचा प्रभाव उतरतो. अशी गोळी डबीत जाऊ नये, हे डबीवरच छापायला हवे.

तंत्र इथेही हाताशी आहे. अनेक देशांत औषधांच्या खोक्यावर ठिपक्यांचा छोटा चौकोनी कोड असतो. त्यात उत्पादनाचा क्रमांक, बॅच आणि मुदत असते. मुदतीआधी १७ हा आकडा येतो आणि पुढे वर्ष, महिना, दिवस असे सहा अंक. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो वाचता येतो. डबी भरतानाच तो वाचून घेतला, तर मुदत संपायच्या महिनाभर आधी डबी सांगू शकेल. अडचण एवढीच की कोड असतो खोक्यावर आणि खोके पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते.

काही औषधांची खरी मुदत तर छापलेलीच नसते. डोळ्यांचे बरेच थेंब बाटली उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात. पाणी घालून बनवलेले प्रतिजैविकाचे सिरप एक-दोन आठवडेच टिकते. वापरायला घेतलेल्या इन्सुलिनच्या अनेक प्रकारांना २८ दिवसांची मर्यादा आहे. बाटलीवरची तारीख मात्र पुढच्या वर्षाची असते आणि माणूस तिच्यावर भरवसा ठेवतो. यासाठी बाटलीच्या बुडाशी चिकटणारे एक बटण पुरेल : उघडल्या दिवशी दाबायचे, ठरलेले दिवस भरले की लाल दिवा. मी तीन बनवली आहेत, तिन्ही चालतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहावी.

औषध बनवणाऱ्या कंपन्यांकडे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांकडे माझी मागणी एकच आहे : पट्टीतल्या प्रत्येक गोळीच्या मागे मुदत आणि तो कोड छापा, म्हणजे पट्टी कशीही कापली तरी शेवटच्या गोळीबरोबर तारीख राहील. तोपर्यंत मी पट्टी कापण्याआधी तिच्या टोकाचा फोटो काढून ठेवतो आणि कापायला सुरुवात दुसऱ्या बाजूने करतो.

आपला,
एक वाचक