काका, गाडी पास झाली

ती. काकांना सा. न.

फोनवर तुमचे आभार मानताच आले नाहीत. एक तर गॅरेजमध्ये सतत कुठलं तरी इंजिन चालू असतं, आणि दुसरं म्हणजे कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोनच ठेवून देता. म्हणून हे उघड पत्र. तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांत वाचलं जाईल, तेव्हा मधेच ठेवून देता येणार नाही.

ज्यांनी ट्रायल्सची गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रायल्स ही मोटरसायकलची एक स्पर्धा, आणि तिची गाडी म्हणजे वेगाची गाडी नव्हे. दगडधोंडे, ओढे, झाडांच्या मुळ्या यांवरून पाय न टेकता चढवायची गाडी. एकदा पाय टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि पडलात तर पाच. वजन सत्तर किलोच्या आसपास, पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची, सीट नावालाच. अशा गाडीला रस्त्यावर चालायच्या लायकीची ठरवून घ्यायचं म्हणजे डोंगरातल्या शेळीला टांग्याला जुंपण्यासारखंच.

पण मला ते फार सोपं वाटलं होतं. पासिंग म्हणजे दिवे आणि हॉर्न, एवढीच माझी समज. पुढे दिवा बसवला, मागे दिवा बसवला, हॉर्न लावला आणि गाडी घेऊन गेलो. वीस मिनिटांत नापास. हातात कागद पडला, त्यावर पाच मुद्दे. पुढचा दिवा फडफडतो. हॉर्नचा आवाज नाही. पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागत नाही. ब्रेकच्या दांडीचं टोक तुटलेलं. आणि पाचवा, "हँडल मध्यावर अडकते". या पाचव्यावर माझं डोकंच फिरलं. दीड वर्ष मी ती गाडी चालवतोय, मला कधी अडकलेलं कळलं नाही आणि त्या तपासणाऱ्याला दोन मिनिटांत कळलं? मुद्दाम खोड काढलीय म्हणून मी वाटेत दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

तुम्ही कागद वाचलात आणि पहिले चार मुद्दे सोडून थेट पाचव्यावर बोट ठेवलंत. इंजिनखाली खोका सरकवून पुढचं चाक अधांतरी केलंत. मग म्हणालात, "हँडल एका बोटाने ढकल. जोर लावू नको, नुसतं ढकल." मी ढकललं. डावीकडून येता येता चाक बरोबर सरळ झालं आणि तिथेच बसलं. टक्. पुन्हा ढकललं, पुन्हा टक्. जणू कुणीतरी आतून ते धरून ठेवत होतं.

"सेक्शनमध्ये तुझं हँडल कधी सरळ असतं का?" तुम्ही विचारलंत. सेक्शन म्हणजे पाय न टेकता पार करायचा तो अवघड टप्पा. तिथे सरळ नसतंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत वळवलेलं. म्हणूनच दीड वर्षात मला पत्ता लागला नाही. पण रस्त्यावर गाडी नव्वद टक्के वेळ सरळच जाते, आणि सरळ जाताना हातांना कळतही नाही इतक्या बारीक हालचालींनी आपण तोल सांभाळत असतो. त्या नेमक्या जागी खाच असली की हँडल तिथे बसतं, सुटतं, परत बसतं, आणि गाडी सापासारखी चालते. तपासणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या दोघातिघांकडे मी त्याची बदनामी केली, त्यांना आता हे पत्र पाठवणार आहे.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्या वाट्यांमधल्या गोट्यांवर फिरतं तो भाग, उघडला तेव्हा तुम्ही खालची वाटी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बघू नको, नख फिरव." नख अडखळत गेलं. गोट्यांच्या मापाचे बारीक खळगे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. ग्रीसचा मागमूस नाही, तांबूस चिखल तेवढा. दर रविवारी चिखल धुवायला मी जोराच्या पाण्याचा फवारा नेमका तिथेच मारत होतो, त्यात ग्रीस वाहून गेलं. आणि टेम्पोतून नेताना पट्ट्यांनी पुढचा भाग खाली ओढून, चाक सरळ ठेवून बांधायचो. रस्त्यावरच्या प्रत्येक हादऱ्याला त्याच गोट्या त्याच जागी ठोकल्या जात होत्या. म्हणजे मी गाडी चालवून खराब केली नव्हती, धुऊन आणि बांधून केली होती! यावर तुम्ही हसला नाहीत, याचेही आभार.

नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितल्यात, तेव्हा घरच्यांची जी मुद्रा झाली ती तुम्ही पाहायला हवी होतीत. सकाळी गारठून आकसलेल्या त्या वाट्या हलक्या हाताने ठोकल्या आणि जागेवर बसल्या. कसायचं काम मात्र तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. हुक पान्याने घट्ट करायचं, मग किंचित सैल. शॉकअपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवायची, खडखड नको. मग हँडल मध्यावरून जरा ढकलून सोडायचं, ते आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे. तीनदा चुकलं. चौथ्यांदा पडलं आणि तुम्ही चहा सांगितलात.

बाकीच्या मुद्द्यांवर एवढा वेळ गेला नाही. गाडीला बॅटरी नाही, दिवे थेट कॉइलवर, त्यामुळे इंजिन मंद असलं की वीज कमी, आणि तीही एसी, म्हणून एलईडी फडफडणार आणि डीसीवर चालणारा हॉर्न गप्प बसणार. तुम्ही एसीची डीसी करून दाब आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवून पुढे वीज सपाट करायला 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलात. त्याची उणे बाजू तीन वेळा तपासायला लावलीत, कारण उलटा जोडला तर तो फुगून फुटतो. दांडीच्या टोकाचा गोळा तुटला होता, मी कानशीने घासून गुळगुळीत केला होता आणि त्यावर खूशही होतो. "पडलास तर ही पोटात जाईल," एवढं म्हणून तुम्ही नवी दांडी काढून दिलीत.

आता लाल दिव्याचं. इथे मी शरमतो. मीच तुम्हाला म्हणालो होतो की त्या दिवसापुरता मागचा दिवा कायम पेटता ठेवू, कुणाला कळतंय. तुम्ही फडक्याला हात पुसत विचारलंत, "मग मागच्याला कळणार कसं, तू थांबतोयस ते?" आणि पुढच्या ब्रेकच्या पाइपचा बोल्ट काढून त्या जागी दाबावर चालणाऱ्या स्विचचा बोल्ट बसवलात. त्यासाठी ब्रेकमधली हवा काढता काढता अंधार पडला.

त्या संध्याकाळी तुम्ही स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या ट्रायलबद्दल सांगितलंत. तिथे एका सेक्शनमधून दुसऱ्याकडे जायला सार्वजनिक रस्त्यावरूनही गाडी चालवावी लागते. 1965 साली सॅमी मिलरने ती स्पॅनिश बुल्टाकोवर जिंकली, त्याआधी कुठल्याही परदेशी गाडीला ते जमलं नव्हतं. ही गोष्ट मी तुमच्याकडून आत्तापर्यंत पाचदा ऐकली असेल. सहाव्यांदाही ऐकीन.

पासिंगच्या दिवशी निघताना टायरमध्ये हवा भरायचं तुम्हीच आठवण करून दिलंत, नाहीतर मागच्या चाकात ट्रायलला ठेवतो तो जेमतेम 4 पीएसआयचा दाबच ठेवून मी पोचलो असतो. तोच तपासणारा होता. दिवे पाहिले, दोन्ही ब्रेक दाबून मागे वाकून पाहिलं, हॉर्न वाजवला. मग पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने ढकललं. पडलं. दुसऱ्या बाजूला ढकललं. पडलं. काही बोलला नाही, सही केली.

मी फोन केला तर तुम्ही पास झाली का हे विचारलंच नाहीत. विचारलंत, "दोन्हीकडे सारखं पडलं का?"

सारखं पडलं, काका. तुमचा हुक पाना अजून माझ्याकडेच आहे. रविवारी गाडीवरूनच घेऊन येतो, रस्त्याने.