नॅसॉ स्ट्रीटवरचं जोतं

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

व्हर्जिनियातल्या रिचमंडहून विल्यम्सबर्ग, म्हणजे अठराव्या शतकासारखं सजवलेलं ते जुनं गाव, तासाभराच्या वाटेवर, म्हणजे तू जाणारच. तिथे घोडागाड्या, तिकोनी टोप्या, लोहाराचा भाता यांतच दिवस संपतो. त्यातला अर्धा तास काढून नॅसॉ आणि फ्रान्सिस या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर जा. फर्स्ट बाप्टिस्ट चर्चची जुनी जागा तिथे आहे.

ही मंडळी, म्हणजे या चर्चचा सभासद-समुदाय, १७७६ची. काही गुलाम आणि काही मुक्त कृष्णवर्णीयांनी मिळून सुरू केलेली. तेव्हा गावात दोनएक हजार माणसं, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. इमारत नव्हतीच. आधी ग्रीन स्प्रिंगच्या मळ्यावर, मग गावाबाहेर रॅकून चेसला झाडीत डहाळ्यांचा मांडव घालून लोक जमायचे. पहिला उपदेशक मोझेस. सभा भरवतो म्हणून त्याला धरून फटके मारत, अशी नोंद १८१०च्या एका बाप्टिस्ट इतिहासात आहे. त्याच्यानंतर गोवन पॅम्फ्लेट. हा किंग्ज आर्म्स या खानावळीच्या मालकिणीचा गुलाम. १७९३मध्ये तो मुक्त झाला आणि त्याच वर्षी डोव्हर बाप्टिस्ट असोसिएशन या बाप्टिस्ट चर्चांच्या संघाने मंडळीला आपल्यात घेतलं. सभासद पाचशेच्या घरात होते.

या काळाचा पुरावा मात्र जमिनीत शोधू नकोस. मांडवाला पाया नसतो, आणि मेढींचे छोटे खळगे झाडांच्या मुळांत विरून जाऊ शकतात.

खरी गंमत पुढे आहे. जेसी कोल नावाच्या गोऱ्या माणसाने आपला गाडीखाना प्रार्थनेला दिला, असं मंडळीत पिढ्यानपिढ्या सांगत आले. १८१८च्या करनोंदीत या जागेवर बाप्टिस्टांचं सभागृह दाखवलेलं आहे. २०२०च्या सप्टेंबरात खोदकाम सुरू झालं. वर्षभराने विटांचं जोतं मिळालं, १६ बाय २० फुटांचं, आणि शेजारी विटांची फरसबंदी. मातीच्या थरांतून १८१७चं एका सेंटचं नाणं निघालं. नाण्यावरून लोक एक चूक हमखास करतात: नाणं १८१७चं म्हणून थरही १८१७चा. तसं नसतं. तो थर १८१७च्या आधीचा नाही, एवढंच नाणं सांगतं. नंतर कितीही असू शकतो. दुसरी बाजू कागदाने आवळायची असते, म्हणून त्या करनोंदीला किंमत.

आता हिशेब कर. ३२० चौरस फुटांत दाटीवाटीने पन्नास-साठ माणसं बसतील, पाचशे नव्हे. फरसबंदी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. बाकीचे बाहेर उभे राहत असणार.

१८३१मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या पुढारीपणाखाली गुलामांचं बंड झालं आणि चर्च काही काळ बंद पडलं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने कृष्णवर्णीयांना उपदेश करायलाच कायद्याने बंदी घातली. १८३४च्या चक्रीवादळात ती इमारत गेली. १८५६मध्ये त्याच जागी विटांचं मोठं चर्च उभं राहिलं आणि शंभर वर्षं टिकलं. ते पाडलं वादळाने नव्हे. गाव अठराव्या शतकासारखं दिसावं म्हणून कलोनियल विल्यम्सबर्ग संस्था नंतरच्या काळातल्या इमारती काढत होती. तिने ही जागा विकत घेतली, १९५५मध्ये इमारत पाडली, १९६५मध्ये वर डांबर ओतून पार्किंग केलं. इमारत एकोणिसाव्या शतकाची, पण मंडळी मात्र ज्या शतकाचा देखावा उभारायचा होता त्याच शतकाची! हा विचार कुणी केला नाही. एक मात्र झालं: पार्किंगसाठी कुणी तळघर खणत नाही. म्हणून खालचं जोतं आणि थडगी वाचली.

थडगी कशी ओळखतात ते नीट बघ. खड्डा खणताना खालची चिकणमाती वर येते आणि भरताना काळ्या मातीत मिसळते. शेकडो वर्षांनीही वरचा थर खरवडला की कबरीच्या आकाराचा लांबट, ठिपकेदार डाग उठून दिसतो. हाड दिसायची गरजच नाही. असे साठाहून अधिक डाग मिळाले. एका कबरीवर खूण म्हणून दारूची रिकामी बाटली उलटी पुरलेली होती. सगळ्या कबरी उघडल्या नाहीत. वंशजांच्या संमतीने फक्त तीन उघडल्या. तिन्ही पुरुष, त्यांतला एक सोळा ते अठरा वर्षांचा. २०२३मध्ये डीएनएवरून तिघंही आफ्रिकी वंशाचे असल्याचं ठरलं.

तिथे जुनी इमारत पुन्हा बांधायचं ठरलं आहे. तेव्हा दिसेल ती वीट जुनी समजू नकोस, आधी विचार.

मंडळी १९५६पासून स्कॉटलंड स्ट्रीटवर आहे. तिथली १८८६ची घंटा कित्येक वर्षं मुकी होती. २०१६मध्ये दुरुस्त झाली, आणि त्याच सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास संग्रहालयाच्या उद्घाटनाला ओबामांनी ती वाजवली. रविवारी गेलीस तर प्रार्थना चालू असेल. फोटो काढत फिरू नकोस, मागच्या बाकावर बस.

तुझी,
आई

ता.क. कोपऱ्यावर सावली फारशी नाही, टोपी ने.