चपला मांडीवर घेऊन बसलेली पोर

प्रिय सुनंदा,

तुझ्या पत्राला महिना झाला. लिहायला बसले की एकच पोर डोळ्यांपुढे यायची, म्हणून राहिलं.

सहा वर्षांची. नाव लिहीत नाही, कायद्यानेही उघड करायचं नसतं. शाळेतल्या बाईंनी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवलं, 24 तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीपुढे आणलं. दंडावर उलथण्याचा डाग, जुना, काळपट. मनगटापाशी दुसरा, अजून ओला. पाय जमिनीला टेकत नव्हते आणि चपला मांडीवर घट्ट धरलेल्या. मी म्हटलं, "खाली ठेव की गं." तर म्हणते, "लगेच घरी जायचंय ना."

समितीत आम्ही पाच जण, मूल कुठे राहणार ते आम्हीच ठरवतो. घरची चौकशी करून द्यायच्या सामाजिक तपासणी अहवालाला 15 दिवस मिळतात, पण पोरीने आज रात्री कुठे झोपायचं ते त्याच दुपारी ठरवायचं होतं. घरी पाठवलं आणि काही बरंवाईट झालं तर सही आपली, ही धास्ती प्रत्येकाला असते. बालगृहात ठेवलेलं मूल रात्री अंथरूण ओलं करू लागलं, बोलेनासं झालं, तर ते मात्र कुणाच्या नावावर लागत नाही. याचा मला फार त्रास होतो गं. 2015 चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हणतो, आणि भीतीपोटी आपण तिथूनच सुरुवात करतो.

गरिबी यात धरायचीच नाही. पत्रा गळतो म्हणून मूल उचलायचं नसतं. नियमात बसत असेल तर सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना 2250 रुपये मिळवून द्यायचे. मी बघते ते एवढंच: मारणारा हात आज रात्री घरात असणार का, आणि त्याच्या आड उभं राहील असं मोठं माणूस कोण?

इथे एक डाग जुना, एक ताजा. म्हणजे एकदाच तोल गेला असं म्हणायला जागा नव्हती. चटके बाप द्यायचा, आई बिगारी कामावर गेल्यावर. आईला विचारलं, त्याला बाहेर ठेवशील? ती पदराचं टोक पिळत राहिली. मी बालगृहाच्या बाजूने सही केली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे चौकशीत दुसऱ्या गावची आजी सापडली, घर पाहिलं, आता पोर तिच्याकडे आहे. आजीचा विचार पहिल्याच दुपारी का सुचला नाही, हे मनातून जात नाही.

आता आई म्हणते, नवऱ्याने दारू सोडलीय, लेक परत द्या. मंगळवारी सुनावणी आहे. तू इतकी वर्षं अशा बायकांशी बोलतेस. तिला मी काय विचारू, ते त्याआधी फोन करून सांग.

तुझी,
वसुधा