स्पगेटीचा मनोरा आणि आमचे शेरेबुक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘स्पगेटीच्या मनोऱ्यातून शिक्षकांना संघभावनेचे धडे’ ही शिक्षण खात्याच्या कार्यशाळेची कालची बातमी वाचली. फोटोही पाहिला. विजेत्या गटाच्या गळ्यात पदके, मागे फ्लेक्स, मधोमध प्रमुख पाहुणे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला तो मनोरा मात्र फोटोत कुठेच दिसला नाही. पाहुण्यांनी साने गुरुजींचा दाखलाही दिला म्हणे. अमळनेरात माइक हातात आला की तो द्यावाच लागतो. असो, आयोजकांचे अभिनंदन.

खेळ चांगलाच आहे. २० स्पगेटी (शेवयांसारख्या कडक, लांब काड्या), थोडी दोरी, थोडी चिकटपट्टी, १८ मिनिटे, आणि शेंड्यावर ठेवायला एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड गोळा. डिझाइन क्षेत्रातल्या टॉम वुजेक यांनी २०१० मधल्या भाषणातून तो जगभर पोचवला. त्यांनी सांगितलेली गंमत अशी की या खेळात बालवाडीची पोरे एमबीएच्या विद्यार्थ्यांना मागे टाकतात. पोरे सुरुवातीपासूनच मार्शमॅलो वर ठेवून बघतात, पडले की पुन्हा उभे करतात. मोठ्यांचा वेळ पुढारी ठरवण्यात आणि आराखड्यात जातो, मार्शमॅलो शेवटच्या क्षणी चढते आणि सगळे खाली येते. त्यांनीच एकदा मोठे बक्षीस लावून पाहिले, तर दहापैकी एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही. हे सारे बाजूला ठेवून आपल्याकडे पदके मात्र आधीच छापून तयार!

पण माझा राग पदकांवर नाही. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे नमुने मी तालुक्यातल्या एका शाळेत चौथीला करायला दिले होते. काड्यांचे गूल आम्ही आधीच खरवडून काढलेले. चौकोन केला की तो लगेच कलंडायचा. ‘बाई, हाऊ चौकोन उभाच ऱ्हास नही,’ म्हणून एक मुलगा रडकुंडीला आला. शेजारच्याने आडवी काडी घालून त्याचे दोन त्रिकोण केले आणि तो पक्का झाला. मी काहीच सांगितले नव्हते. पुढे घन करायला घेतला तर एकट्याचे हात पुरेनात. एकाने सांधा धरायचा, दुसऱ्याने काडी सरकवायची. महिनाभर कट्टी असलेल्या दोन मुलींना त्या दिवशी एकमेकींशी बोलावेच लागले, आधी भांडून आणि मग हसत. याला आता ‘सर्जनशील सहकार्य’ म्हणतात, असे आपल्या बातमीवरून कळले.

तेवढ्यात तपासणीला खात्याचे साहेब आले. शेरेबुकात शेरा पडला : वर्गात काडेपेटीचा खेळ चालू, अध्यापन बंद, ज्वालाग्राही वस्तू आढळल्या. गूल काढलेली काडी पेटत नाही, हे तिथेच करून दाखवायची माझी तयारी होती. मुख्याध्यापकांनी डोळ्यांनीच गप्प बसवले. लेखी खुलासा द्यावा लागला. मुलांचे नमुने कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागले आणि मी मुकाट्याने टाचण काढून पाढे घ्यायला लागले. आज त्याच खात्याला खेळातून शिक्षणाचा साक्षात्कार झाला आहे. कुणाचा विरोध असेल? फक्त तो शेरा कुणी खोडणार का, तेवढे विचारायचे होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकण्याची सोय आहे. कार्यशाळेतल्या शिक्षकांनी ते दहा दिवस तरी मुलांच्या हाती पडू द्यावेत. स्पगेटी परवडत नसेल तर ज्वारीचे धांडे शिवारात फुकट मिळतात. त्यांची बैलगाडी करायला आमच्या पिढीला कोणी प्रशिक्षण दिले नव्हते.

जाता जाता आपल्याबद्दलही. रविवारी मुलांच्या पानावर ‘करून पाहा’ अशी चौकट असायची. आता तिथे क्लासवाल्यांच्या गुणवंतांचे फोटो असतात. जाहिरातीवाचून पेपर चालत नाही, हे मान्य. पण त्या पानावरच्या शेवटच्या कोड्याखाली ‘उत्तर पुढील अंकी’ असे छापले होते. ते उत्तर अजून आलेले नाही. माझी नात दर रविवारी विचारते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, अमळनेर